घर आणि मन अमूर्त चित्रात उतरवताना : काळी माती, मांजरपाट आणि चार प्रश्न

मानसिक आरोग्यावर चित्र काढायला बसलं की पहिल्यांदा डोकं धरून बसलेला माणूस उतरतो. घरावर काढायचं म्हटलं की उतरतं छप्पर, दार आणि तुळशीवृंदावन. या खुणा सगळ्यांच्या ओळखीच्या असतात, त्यामुळे बघणारा त्या लगेच वाचतो आणि पुढे निघून जातो. अमूर्त चित्रात, म्हणजे ओळखीचे आकार नसलेल्या चित्रात, बघणाऱ्याला थांबवावं लागतं, आणि त्यासाठी चित्रात असं काहीतरी असावं लागतं जे त्याच्या अंगाला जाणवेल.

म्हणून सुरुवात भावनेच्या नावापासून करू नये, अंगाला जे कळतं त्यापासून करावी. ‘उदासी’ रंगवता येत नाही. पण दुपारी तीन वाजता पत्र्याच्या खोलीत छातीवर येणारं दडपण रंगवता येतं, कारण त्याला जागा आहे, वजन आहे. खानदेशात राहणाऱ्याला आणखी एक सोय आहे : पायाखालची काळी माती. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि या भेगा किती रुंद हव्यात ते तुम्हाला ठरवता येतं. या लेखाचा मोठा भाग त्या मातीवरच आहे.

विषय लहान करा

‘मन आणि घर’ हा एका चित्राचा विषय होत नाही. एक जागा, एक वेळ आणि एक अवस्था निवडा. उदाहरणार्थ, सुरतला उधन्यातल्या भाड्याच्या खोलीत रविवारी संध्याकाळी करमत नाही, ती वेळ. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकीचा परत निघायच्या आदल्या रात्रीचा जीव. आई गेल्यावर रिकामी राहिलेली चुलीजवळची जागा. किंवा सरळ उलट : धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरातलं मधलं खण (दोन खांबांमधली जागा), जिथे भर वैशाखातही जीव शांत होतो. घर म्हणजे सुखच असं धरून चालू नका. अनेकांना घरातच घुसमट होते, आणि तेही तितकंच खरं चित्र आहे.

शक्य असेल तर त्या जागेत जाऊन बसा. पहाटे, दुपारी तीनच्या सुमारास आणि दिवेलागणीला, प्रत्येक वेळी दहा मिनिटं. जागा दूर असेल किंवा उरलीच नसेल, तर डोळे मिटून तेवढाच वेळ आठवा. वहीत चार प्रश्नांची उत्तरं लिहा, प्रत्येकी दोन ओळींपेक्षा जास्त नको.

कुठे? अंगात कुठे जाणवतं, आणि खोलीत कुठे : छताकडे, पायांशी, उंबऱ्यापाशी, पाठीमागे. वजन किती? जड की हलकं, आणि ते वजन वरून दाबतं, खाली बसतं की एका बाजूला कलतं. वेग काय? थबकलेलं, सरकतं, थरथरतं, की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणारं. कड कशी? धारदार, फाटकी, पुसट, की कडच नाही.

चित्राची रचना या चार उत्तरांतूनच निघते. ‘कुठे’वरून रचनेचा भार कोणत्या भागात टाकायचा ते ठरतं, ‘वजना’वरून रंगाची जाडी, ‘वेगा’वरून हाताची हालचाल आणि ‘कडे’वरून हत्यार. पत्र्याच्या खोलीतलं दडपण घेऊ. ते वर आहे, जड आहे, थबकलेलं आहे आणि त्याला कड नाही. मग वरच्या एक तृतीयांश भागात जाड थर द्या, तो ओल्या फडक्याने खाली पुसत आणा, आणि तळाशी तीन-चार बोटांची पट्टी अगदी मोकळी सोडा. ती पट्टी नसेल तर दडपण कळणारच नाही, कारण दाबायला खाली काहीतरी मोकळं असावं लागतं. उधन्याच्या खोलीतल्या माणसासाठी घर दूर आहे, लहान आहे, पण स्पष्ट आहे. तिथे घराची बोटभर रुंद पट्टी एका टोकाला टेप लावून धारदार कापा, आणि बाकी सगळ्या पृष्ठभागावर एकाच दिशेने, एकाच वेगाने ब्रश फिरवा. रोज तेच काम, तीच वाट.

नर्मदेच्या काठची, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली गावं सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली. अशा विस्थापनावर चित्र करताना एक पथ्य आम्ही काटेकोर मानतो : ते दुःख तुमच्या घरातलं नसेल तर ते ‘मी’ म्हणून मांडू नका. ज्यांचं आहे त्यांच्याशी बोला, त्यांची परवानगी घ्या, आणि शीर्षकात तसं स्पष्ट करा.

बारा छोटे चौकोन

मोठ्या फळीला हात लावण्याआधी जाड कागदावर (३०० जीएसएम असला तर उत्तम) १५ सेंमीचे बारा चौकोन आखा. रंग तीनच : काळा, पांढरा आणि कोणताही एक. पहिल्या चार चौकोनांत फक्त ‘कुठे’ सोडवा, म्हणजे भार वर, खाली, कोपऱ्यात, कडेबाहेर जाणारा. पुढच्या चारांत त्यातली सर्वांत बरी रचना घेऊन वेग बदला, शेवटच्या चारांत कड. एका चौकोनाला सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. जास्त वेळ दिला की हात सजावटीकडे वळतो.

मग ते भिंतीला टेकवून सहा-सात पावलं मागे जा. जो चौकोन बघताना तुमचा श्वास किंवा खांदे बदलतात, तो घ्या. जो फक्त ‘छान’ दिसतो तो बाजूला ठेवा.

रंगांचे ठरलेले अर्थ इथेच सोडून द्यावेत. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती, काळा म्हणजे नैराश्य हे छापील कोष्टक इथे उपयोगाचं नाही. ज्या मुलखात काळी जमीन म्हणजे कापूस, केळी आणि घरातलं दाणापाणी, तिथे काळा रंग आधाराचाही असतो. आणि मे महिन्यात ४४ अंशांवर गेलेल्या दुपारी सर्वांत निर्दय रंग असतो आभाळाचा पांढरा. तुमच्या वहीत जे लिहिलंय त्यावरूनच रंग घ्या.

फळी की कापड

मातीचा थर द्यायचा असेल तर कापड नको. ताणलेलं कापड हलतं आणि मातीचे पापुद्रे झडतात. २ × २ फुटांची, ६ मिमीची प्लायवूड फळी घ्या आणि मागून एक इंची लाकडी पट्ट्यांची चौकट ठोका. चौकट नसेल तर पहिल्याच ओल्या थराला फळी वाकते. प्रायमरचे (रंगाखालच्या अस्तराचे) दोन हात पुढून, आणि एक हात मागूनही द्या. मागची बाजू कोरी राहिली तर पावसाळ्यात ती ओल पिते आणि फळी वाकते.

माती नको, फक्त ॲक्रिलिकचं काम करायचं असेल तर मांजरपाट उत्तम आणि स्वस्त. आधी गरम पाण्यात धुवून त्यातली खळ काढा, नाहीतर प्रायमर नीट बसत नाही. वाळवा, चौकटीवर ताणा. प्रायमर घरी करायचा असेल तर चाळलेली खडूची पावडर तीन भाग, पांढरा डिंक (फेव्हिकॉलसारखा) एक भाग आणि पाणी एक भाग. दोन पातळ हात द्या. जाड एक हात दिला की तो तडकतो. खडूच्या जागी कळीचा चुना वापरू नका. चुना तीव्र अल्कली असतो, तो डिंकाला कमजोर करतो आणि प्रशियन निळ्यासारखा रंग मारून टाकतो.

काळ्या मातीचा रंग आणि गिलावा

माती कुठून घेता याला महत्त्व आहे. कपाशीच्या उभ्या शेताची वरची माती घेऊ नका, तिच्यावर फवारणी झालेली असते. विहिरीच्या किंवा घराच्या पायाच्या खोदकामातली, हातभर खालची माती चांगली. २ × २ फुटांच्या फळीला साधारण दोन मिलिमीटरचा थर द्यायला एक ते सव्वा किलो कोरडी माती पुरते.

ती पत्र्यावर पसरून दोन दिवस कडक उन्हात वाळवा, ढेकळं फोडा. कुटताना आणि चाळताना नाकातोंडावर मास्क हवाच. मातीची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट. मग बादलीत तिप्पट पाण्यात भिजवून रात्रभर ठेवा, सकाळी ढवळा, मिनिटभर थांबा आणि गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता. तळाशी राहिलेले खडे-वाळू टाकून द्या. दुसऱ्या बादलीत माती खाली बसली की वरचं नितळ पाणी काढा, नवं पाणी घाला, आणि असं दोनदा करा.

हे धुणं चुकवू नका. धाब्यावर टाकायची पांढरी, खारट माती वापरणार असाल तर विशेषच. मातीत क्षार राहिले तर चित्र पुरं झाल्यावर महिन्याभराने पृष्ठभागावर पांढरी भुकटी फुटते, आणि पुसली तरी पुन्हा येते. धुताना एक गोष्ट लक्षात येईल : क्षार जसे कमी होतात तशी माती तळाशी बसायला जास्त वेळ घेते. म्हणजे काम बिघडलेलं नाही, नीट चाललंय. शेवटी गाळ जुन्या सुती धोतरात बांधून टांगा, वाळवा, कुटा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा.

पातळ रंग हवा असेल तर एक भाग माती, एक भाग ॲक्रिलिक मीडियम (रंग नसलेलं, माती बांधून ठेवणारं द्रव) आणि लागेल तेवढं पाणी. सरावाला पांढरा डिंक चालतो, पण तो ओल लागली की मऊ पडतो आणि वर्षांनी पिवळा होतो. विकायचं किंवा जपायचं चित्र असेल तर मीडियमवरच खर्च करा. बोटाने घासल्यावर वाळलेला रंग बोटाला लागला, तर बांधणारं कमी पडलंय.

जाड गिलाव्याचं मूळ प्रमाण असं : माती चार भाग, मीडियम किंवा डिंक एक भाग, पाणी दीड ते दोन भाग. आता भेगांचं. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत पाणी धरून फुगणारी चिकणमाती भरपूर असते. वाळताना ती आक्रसते आणि खालची फळी मात्र आक्रसत नाही, म्हणून भेग पडते. थर जितका जाड, तितक्या भेगा एकमेकींपासून दूर आणि रुंद. पातळ थरावर बारीक जाळी उमटते. मातीत निम्मी चाळलेली नदीची वाळू घातली की भेगा केसासारख्या होतात. त्यात धागा घातला तर जवळपास थांबतात. धागा म्हणजे केळीच्या सोपटाचा (खोडाच्या पापुद्र्याचा), एक-दोन सेंटिमीटर कापलेला, किंवा पिंजलेला कापूस. वाटीभर गिलाव्याला चिमूट-दोन चिमूट. जळगावहून साधारण साठ किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्यात चित्रांखालचा मातीचा गिलावा असाच वनस्पतींचे तंतू आणि भुसा मिसळून केलेला आहे.

तेव्हा फरशीच्या किंवा फळीच्या तुकड्यांवर आधी तीन नमुने करा : नुसती माती, माती-वाळू, आणि माती-वाळू-धागा. मग वहीतली ‘कड’ काय सांगते ते बघून, चित्राच्या कोणत्या भागात कोणतं मिश्रण जाईल ते ठरवा. आमच्या मते सगळी फळी भेगाळणं हा सोपा आणि कमकुवत मार्ग आहे. सगळीकडे भेगा असल्या की ती वाळलेल्या तळ्याची नक्कल होते. एक भाग धाग्याने अखंड धरून ठेवा आणि त्याला लागूनच एक भाग फुटू द्या; धरून ठेवणं आणि सुटणं यांच्यामधली ती रेषा कुठून जाते, त्यावर चित्र उभं राहतं.

वाळवणं सावलीत. उन्हात ठेवलं की वरचा पापुद्रा आधी वाळतो, कडा वर वळतात आणि तुकडे सुटतात. पहिले सहा-आठ तास वरून ओलसर फडकं धरून ठेवा, पण ते थराला चिकटू देऊ नका. पूर्ण वाळायला तीन-चार दिवस द्या. सुटू पाहणाऱ्या तुकड्यांखाली एक भाग डिंक आणि चार भाग पाणी असं मिश्रण ड्रॉपरने सोडा, थोडं थोडं, दोनदा. एकदम भरपूर ओतलं तर माती पुन्हा फुगेल.

थर चढवणं, थर काढणं

मनाच्या अवस्थेत जे दिसतं त्याखाली दुसरं काहीतरी असतंच, म्हणून एकाच थरात संपलेलं चित्र या विषयाला पुरत नाही. नागपूरला १९२४ साली जन्मलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची पद्धत इथे अभ्यासण्यासारखी आहे. ते रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरवायच्या बोथट सुरीने) रंग चढवत आणि कागद दाबून तो उचलूनही घेत. तुम्हाला ते असं करता येईल : तळाचा रंग पूर्ण वाळू द्या, वर दुसरा पातळ हात द्या, तो ओला असतानाच वर्तमानपत्राचा फाडलेला तुकडा दाबून रोलर फिरवा आणि कागद उचला. रंग काही ठिकाणी जातो, काही ठिकाणी राहतो. कागद फार वेळ ठेवला तर चिकटतो. उन्हाळ्यात मोजून दहा-पंधरा सेकंद.

ॲक्रिलिकचा इथल्या हवेशी झगडा असतो. एप्रिल-मे मध्ये पॅलेटवरचा रंग पाच मिनिटांत साय धरतो. काम सकाळी नऊच्या आत उरका, पंखा बंद ठेवा, थाळीत ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर पसरून रंग त्यावर काढा. रंग पातळ करायला नुसतं पाणी ओतत राहू नका, त्याची पकड जाते. अर्धं पाणी, अर्धं मीडियम घ्या. जानेवारीत उलटा त्रास. रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा ॲक्रिलिकची सलग फिल्म बनत नाही, म्हणून ओलं चित्र ओट्यावर ठेवू नका, आत घ्या. टेप वापरली असेल तर रंग अर्धवट वाळताच काढा. उन्हात राहिलेल्या टेपचा गोंद चित्रावरच राहतो.

केळीच्या खोडाचा चीक मांजरपाटावर सोडा. आधी पाण्यासारखा दिसतो, हवेने तपकिरी होत जातो आणि धुतला तरी जात नाही. रावेर-यावलच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या सदऱ्यावर तो डाग असतो. आधी न दिसणारी आणि नंतर न जाणारी खूण हवी असेल तर याच्यासारखं साधन नाही. प्रायमर न दिलेल्या कापडावरच तो नीट धरतो, म्हणून डाग पाडलेला तुकडा वेगळा वाळवून मग फळीवर चिकटवा.

कुठे बिघडतं

सर्वांत जास्त वेळा चित्र मधोमध साचतं : मध्ये एक गोळा, भोवती रिकामं. वहीतलं ‘कुठे’ पुन्हा वाचा आणि भार कडेला ढकला, निदान एका बाजूने फळीबाहेर जाऊ द्या. दुसरं, रंग मळतो. तीनपेक्षा जास्त रंग ओल्यात मिसळले की राखाडी चिखल होतो. थांबा, वाळू द्या, वर एकच पांढरट पातळ हात द्या आणि त्यातून हवा तेवढा भाग खरवडून काढा. तिसरं, नकळत खिडकी, चेहरा किंवा डोळा दिसायला लागतो. फळीची वरची बाजू खाली करून दोन दिवस तसंच काम करा, तो आकार मोडतो.

कधी थांबायचं? नवा फटकारा चार प्रश्नांपैकी कोणत्याच प्रश्नाचं उत्तर देत नसेल, तेव्हा.

स्वतःची काळजी

हे काम जुनं काहीतरी हलवतं, म्हणून त्याला कुंपण घाला. एका बैठकीला पाऊण तास, घड्याळ लावून. सर्वांत मोठ्या जखमेपासून सुरुवात करू नका. सोसवेल अशी आठवण आधी घ्या. बैठक संपली की ब्रश धुवा, काहीतरी खा, घरातल्या कुणाशी चार साध्या गोष्टी बोला. रात्री झोपण्याआधी हे काम नको.

चित्र हा उपचार नव्हे. औषधं चालू असतील तर ती चालूच ठेवा आणि डॉक्टरांना या कामाबद्दल सांगा. काम सुरू केल्यापासून झोप उडाली, हातपाय थरथरतात, तीच आठवण दिवसभर पिच्छा सोडत नाही, असं झालं तर काम थांबवा आणि मदत घ्या. स्वतःला इजा करण्याचा विचार आला तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली मानस सेवा आहे. मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर ११२.

गटात काम घेत असाल, शाळेत किंवा महिला बचत गटात, तर नियम एकच आणि तो कडक : दुसऱ्याच्या चित्राचा अर्थ कुणी सांगायचा नाही. ‘तू इथे काळं का केलंस, तुला काही त्रास आहे का?’ असा प्रश्न चारचौघांत आला की ती बाई पुढच्या वेळी फुलं काढते. त्याऐवजी ‘इथे माती जाड का ठेवलीस?’ असं विचारा. सांगायचं असेल तर ती सांगेल.

शीर्षक आणि मांडणी

शीर्षकात आजाराचं नाव किंवा ‘वेदना’, ‘एकाकीपण’ असे शब्द नकोत. ते बघणाऱ्याचं काम आधीच उरकून टाकतात. जागा आणि वेळ पुरे : ‘मधलं खण, दुपार’ किंवा ‘उधना, रविवार’. खाली साहित्य प्रामाणिकपणे लिहा, माती कोणत्या गावची तेही. घरातलं कुणी चित्राच्या मुळाशी असेल तर बाहेर लावण्याआधी चित्र त्यांना दाखवा, आणि त्यांनी नको म्हटलं तर लावू नका.

माती बसवलेली फळी पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. आतल्या भिंतीवर, मागे अर्ध्या इंचाचे लाकडी ठोकळे लावून हवा खेळेल अशी ठेवा. वरून मॅट ॲक्रिलिक व्हार्निशचे दोन पातळ हात फवारा. ब्रशने दिलं तर भेगांच्या कडा ओढल्या जातात. चकचकीत व्हार्निश टाळा, मातीचा रंग त्यात ओल्या चिखलासारखा दिसतो. वाहून न्यायची असेल तर फळी आडवी, तोंड वर करून न्या, आणि पृष्ठभागाला कागद टेकू देऊ नका.